भरलेलं रक्त जातं कुठं

प्रिय शंकर,

तुमच्याकडच्या गाडीवर आज धम्मरत्नची ड्युटी आहे, त्याच्याच हाती हे पाकीट देतो आहे. तू रिटायर झाल्यावर तुझ्या जागी कंडक्टर म्हणून आलेला तो पोरगा. शंकररावांच्याच हातात दे, घरात दुसऱ्या कुणाकडे नको, असं त्याला बजावून सांगितलंय. फोन असताना हे काय काढलं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू नुसता हसतोस, 'एकदम टकाटक' म्हणतोस आणि विषय निघाला की फोन रुक्मिणीवहिनीकडे देतोस. कागद असा दुसऱ्याकडे देता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, ओट्यावर निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. ड्रायव्हरचं अक्षर आहे, सांभाळून घे.

इकडे चिखलीत सगळं ठीक. मार्केटमध्ये सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली आहे, रस्त्यानं चालायला जागा नाही. पोरानं, हरिओमनं, दुकानापुढं पत्र्याचं शेड टाकलं. सुभद्राचे गुडघे कुरकुरतात, पण तिचं तोंड अजून दणकट आहे. माझं म्हणशील तर परवा बसस्टँडपासून घरापर्यंत चालत आलो, कुठंही न टेकता. दीड वर्षापूर्वी हे मला जमत नव्हतं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू संभाजीनगरला भेटायला आलास, उशाशी संत्री ठेवून गेलास. सगळ्यांना सांगितलं तेवढंच तुलाही सांगितलं, की पोटात गाठ होती, काढली. ती सापडली कशी, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही. तेच आज सांगायचं आहे.

सुरुवात बर्फापासून झाली. खोटं वाटेल, पण खरं आहे. रिटायर झाल्यावरच्या उन्हाळ्यात मला बर्फ खायची चटक लागली. स्टँडसमोरच्या रसवंतीवर जायचो आणि नुसता बर्फ मागायचो, रस नको म्हणायचो. घरी फ्रिजमधले खडे कडाकडा चावायचो. दात पडतील म्हणून सुभद्रा ओरडायची. नातवंडांना मजा वाटायची. त्याच दिवसांत जिना चढताना मधेच थांबायला लागलो. छातीत धडधड व्हायची, कान भणभणायचे. मी मनाशी म्हणालो, वय झालं. तीस वर्षं स्टिअरिंग ओढलं, आता शरीर बसायचं म्हणतंय. गल्लीतल्या डॉक्टरनं डोळे पाहिले, अशक्तपणा आहे म्हणाला, टॉनिक दिलं. सुभद्रानं बीट किसायला घेतलं. सकाळी बीट, संध्याकाळी बीट, वर खजूर, वर गूळ-शेंगदाणे, भाजीला लोखंडी कढई. मी खात होतो आणि पांढरा पडत होतो.

मग एक दिवस मार्केटमध्ये पन्नास किलो गव्हाचं कट्टं रिक्षात टाकायला हात लावला आणि खाली बसलो तो उठताच येईना. हमालांनी ताडपत्रीवर झोपवलं, तोंडावर पाणी मारलं. बुलढाण्याला नेलं तर हिमोग्लोबिन सहा. पुरुषाचं तेरा-चौदा असायला पाहिजे म्हणे. दोन बाटल्या रक्त चढवलं. शंकर, ती रात्र संपून सकाळ झाली तेव्हा मला विशीतल्यासारखं वाटलं. गालावर रंग आला, भूक लागली. तिथले डॉक्टर म्हणाले की कारण शोधायला तपासण्या कराव्या लागतील, पुढच्या आठवड्यात या. मी गेलो नाही. कशाला जायचं? रक्त कमी होतं, ते भरलं, झालं. गावभर सांगत फिरलो की बरा झालो.

पावसाळा सरेपर्यंत तेच पुन्हा. जिना, धडधड आणि बर्फ. पुन्हा तपासलं तर सातवर आलेलं. मी म्हणालो, दोन बाटल्या आणखी चढवून घेतो. तेव्हा सुभद्रा ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमाले कुठी लागलं नाही, खुपलं नाही, रक्त सांडलं नाही. मंग भरलेलं रक्त जाते कुठी?"

ते विचारायलाच आम्ही बुलढाण्याच्या प्राची मॅडमकडे गेलो. वयानं आपल्या पोरीएवढी डॉक्टर. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार? तिनं आधी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, मग बराच वेळ माझी नखं पाहत बसली. नखं मधून खोलगट झाली होती, थेंबभर पाणी थांबेल अशी. माझंही कधी लक्ष गेलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "काका, माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?" मी मान खाली घातली. माझ्या आधी सुभद्राच बोलली, "बर्फ. फ्रिज रिकामा करतात."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की शरीरातलं लोह संपत आलं की काही माणसांना अशी ओढ लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लोहाचा साठा मोजायची एक वेगळी चाचणी असते, ती केली. साठा जवळजवळ शून्य. त्यांनी मला समजावलं ते तुला माझ्या शब्दांत सांगतो. बाईच्या अंगातून महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं, तिचं लोह कमी होण्याची कारणं वेगळी. पण साठीचा पुरुष, नीट जेवणारा, त्याचं लोह संपतं तेव्हा बहुतेक वेळा रक्त पोटातून कुठूनतरी झिरपत असतं. इतकं थोडं थोडं की संडासात डोळ्याला दिसतही नाही. ते एखाद्या अल्सरमधून असेल, मूळव्याधीतून असेल किंवा आतड्यातल्या एखाद्या गाठीतून असेल. पाहिल्याशिवाय कळत नाही. मी कंबरेसाठी मेडिकलमधून आणून गोळ्या खायचो, तुला ठाऊकच आहेत, आपण दोघंही खायचो. त्यांनीही पोटात जखमा होतात. त्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि आधी-नंतर दोन तास चहा नाही. चहा लोहाला अंगात शिरू देत नाही म्हणे. आयुष्यभर प्रत्येक स्टँडवर चहा पिणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे शिक्षाच, पण पाळलं. गोळ्यांनी पोट बांधल्यासारखं झालं, संडास काळी झाली. त्यानं घाबरू नका, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. आणि आठ दिवसांत बर्फ सुटला. रसवंतीवरून जायचो पण तिकडं लक्षच जायचं नाही. मला पुन्हा वाटलं, झालं, बरा झालो. मॅडमनी सांगितलेली नळीनं आत पाहायची तपासणी आता कशाला?

खरं सांगू? लाज वाटत होती. वरून तोंडातून घालतात ती नळी एकवेळ चालेल, पण दुसरी कुठून घालतात हे कळल्यावर मी घरी येऊन सांगून टाकलं की मेलो तरी हे करणार नाही. सुभद्रा म्हणाली, "माह्या तीन बाळंतपनात माही लाज कोनं इचारली व्हती? तुमच्यानं एक नळी होत नाही?" आणि तिनं मॅडमना फोन लावून तारीख घेतली.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून प्यायला देतात. तो दिवस मी कुठं काढला हे तुला वेगळं सांगायला नको. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी गुंगी दिली होती, मला काही कळलं नाही. एवढी ज्याची धास्ती घेतली ते झोपेत होऊन गेलं. जठरात जुन्या जखमेचे वण सापडले, ते भरत आलेले. पण मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. तुकडा तपासायला पाठवला आणि उत्तर आलं ते कॅन्सर. हा शब्द मी आजवर घराबाहेर कुणाजवळ उच्चारला नाही, तुझ्याजवळ पहिल्यांदा लिहितोय.

त्या दिवशी मी हरिओमच्या गाडीत मागं बसून होतो आणि रस्त्यावरचं काही दिसत नव्हतं. पण मॅडमनी स्कॅन पाहून सांगितलं की गाठ अजून आतड्यातच आहे, कुठं पसरलेली दिसत नाही, म्हणजे आपण वेळेत पोचलोय. ऑपरेशनआधी रक्त सुधारायला हवं म्हणून सलाईनमधून लोह दिलं. मग संभाजीनगरला आतड्याचा तेवढा भाग काढून दोन टोकं जोडली. काढलेल्या भागाचा रिपोर्ट चांगला आला, पुढच्या औषधांची गरज पडली नाही. दर काही महिन्यांनी तपासणीला जातो, जातच राहीन. मागच्या वेळी हिमोग्लोबिन तेराच्या वर होतं. तरीही लोहाच्या गोळ्या लगेच बंद केल्या नाहीत. साठा भरेपर्यंत आणखी तीन महिने घ्या, असं मॅडमनी सांगितलं होतं, ते ऐकलं. लवकर बरं वाटलं म्हणून लवकर सोडून द्यायची चूक मी एकदा केली होती.

आता तुझ्याकडे येतो. शेगावला तुझ्या पुतण्याच्या लग्नात आपण भेटलो. तू कार्यालयाच्या पायऱ्या चढताना मधेच चप्पल नीट करायला थांबलास. चप्पल नीटच होती. जेवणानंतर सगळे पान खात होते आणि तू थंड्याच्या बाटल्यांच्या टपात हात घालून बर्फाचे तुकडे काढून चावत होतास, एकामागून एक. मी तुझा हात हातात घेतला, तुला वाटलं प्रेमानं. मी नखं पाहत होतो, शंकर. पंधरा दिवसांनी तुझाच फोन आला की चक्कर आली होती, अकोल्याला दोन बाटल्या रक्त चढवलं, आता घोड्यासारखा पळतोय. डॉक्टरनं पुढं काय सांगितलं, असं विचारलं तर तू हसलास. मी सोडलं नाही, तेव्हा हळूच म्हणालास, "तुळशीरामदादाचं पोट उघडलं आन् दादा गेला. मी आत पाहूच देत नाही बे." आणि फोन वहिनीकडे दिलास.

म्हणजे तुलाही आतून शंका आहे. दादांच्या ऑपरेशनच्या वेळी मी तुझ्याबरोबर होतो. दादांना चाकूनं मारलं नाही. दोन वर्षं ते असेच पांढरे पडत होते, आपण त्यांना शक्तीची इंजेक्शनं देत राहिलो, आणि पोट उघडलं तेव्हा आत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुझं माझ्यासारखंच असेल असं मी म्हणत नाही. साधा अल्सर निघेल, मूळव्याध निघेल, देवाच्या दयेनं तसंच निघो. पण चढवलेलं रक्त उतरायला लागलं की तू पुन्हा दोन बाटल्या घेशील, मग पुन्हा दोन, आणि तेवढ्या वेळात आत जे आहे ते वाढत राहील. राजूर घाटात ब्रेक गेलेली गाडी मागं सरकत होती तेव्हा चाकाखाली दगड लावायला तू उडी मारली होतीस. मी नुसतं पेडल दाबत बसलो होतो. तू भित्रा नाहीस. मीही भ्यालो होतो, भीत भीतच गेलो. भीती जायची वाट पाहत बसलो असतो तर आज हे पत्र लिहायला नसतो.

म्हणून मी ठरवलंय. प्राची मॅडमशी बोललो, सोमवारी सकाळची तुझी वेळ घेतली आहे. रविवारी दुपारच्या गाडीनं मी संग्रामपूरला येतो. रात्री तुमच्याकडे जेवतो आणि पहाटे हरिओम गाडी घेऊन येईल, आपण दोघं बुलढाण्याला जाऊ. वहिनींना मी काहीही सांगितलेलं नाही. ते तू सांग, मी यायच्या आत, तुझ्या तोंडानं. रविवारी माझ्यासमोर त्यांना हे पहिल्यांदा कळायला नको. आणि तू नाही म्हणालास तर मी भांडणार नाही, परतही जाणार नाही. पिशवीत चार जोड कपडे टाकून ठेवलेत, सुभद्रानंच घड्या घातल्या. तू हो म्हणेपर्यंत तुमच्या ओट्यावर राहीन. तुला अजून पुष्कळ जगायचंय, आणि मला तुझ्याशिवाय म्हातारं व्हायचं नाही, म्हणून हे लिहिलं.

तुझाच, रविवारी दारात उभा राहणारा,
मोतीराम