देवळालीच्या बंगल्यातली बाई

आई, परवा देवळाली कॅम्पात काम होतं, तेव्हा आपल्या बंगल्याकडे वळले. तू त्याला कधी 'आपला' म्हणू दिलं नाहीस, आज म्हणते. आता तिथं लग्नं होतात. फाटकावरच्या रखवालदाराने मला अडवलं. "ताई, दुपारच्याला आत नका जाऊ. बाई फिरती. लय वर्सांमागं हितंच राखणीला होती. त्या रंगीत काचांच्या खिडक्या एकेक करून लावत जाती. पण कुणाला काय करत नाय." मला आधी हसू आलं. मग कळलं, हा तुझ्याबद्दलच बोलतोय.

मालक मुंबईला. वर्षातून आठ दिवस यायचे, बाकी सगळा बंगला तुझ्या हवाली. तरी आपण राहायचो मागच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी माझं अंथरूण. एकदा मी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत ऐटीत अभ्यासाला बसले, तर तू दंडाला धरून उठवलंस. "सांभाळायला दिलंय, बसायला नाय." किती दिवस त्याचा राग होता मला!

मी सातवीत असताना दोन माणसं टेम्पो घेऊन आली. सागवानी दारं आणि काचा काढून मुंबईला न्यायच्या आहेत, म्हणाली. मालकांची चिठ्ठी दाखवली. तू मला हाक मारतेस, मी चिठ्ठी मोठ्याने वाचते. सगळं बरोबर वाटतं. तुला अक्षर ओळखता येत नाही, पण तू कागद हातात घेऊन खालची सही बघत राहतेस. "मालकांच्या सहीला शेवटाला लांब शेपूट असतं. हिला कुठंय?" एकजण हातोडी घेऊन पुढे आला. तू सरळ उंबऱ्यावर बसलीस. "काढा दार. माझ्यासकट काढा." आणि मला म्हणालीस, "रडू नको. मटार आन." सूपभर मटार तू तिथंच सोललेस, एकदाही मान वर न करता. टेम्पो गेल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तू सूप बाजूला ठेवून उठलीस. ती दारं, त्या काचा अजून तिथंच आहेत.

त्या रखवालदाराला मी सांगितलं नाही की ती माझी आई. भूतबीत तू कधी मानलं नाहीस, मीही मानत नाही. पण नाशिकची बस समोरून गेली तरी मी उठले नाही. ऊन उतरेपर्यंत फाटकाशी बसून राहिले, खिडक्यांकडे बघत.