जबडा उघडाच राहिला

आदरणीय विहीणबाई,

मुलीच्या आईचा वाकून नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तेवढाच). तुमचे गुडघे काय म्हणतात? व्याहीबुवांचा खोकला गेला, की अजून दुसरं कुणी बोलायला लागलं की येतो? इकडे सगळं ठीक, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते. अक्षर लावून घ्या. शाळेचं आणि माझं पहिल्यापासूनच पटलं नाही. शेजारीण उद्या तुमच्या गावी येतेय, तिच्या हाती हे पत्र देते.

आपली नात माझ्याकडे राहून घरूनच नोकरी करते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सध्या दातांच्या डॉक्टरांचं काम आहे. पेशंटचा जबडा कॉम्प्युटरवर दिसायला हवा, माउसने फिरवला की गर्रकन फिरायला हवा, आणि तोही वेगळं काही बसवून न घेता, आपण बातम्या वाचतो त्या ब्राउझरमध्येच. माझी कवळी करताना जबड्याचं चित्र काढलं होतं, तेच पोरीने नमुन्याला घेतलं. (या वयात माझा फोटो लागतोय म्हटल्यावर मी केस नीट केले. त्याची गरज नव्हती.) सोमवारी मोठ्या डॉक्टरांपुढे हा जबडा फिरवून दाखवायचा आहे. फिरला तर काम पक्कं. अडकला तर काम दुसऱ्या कंपनीला, आणि तिच्या साहेबांच्या बोलण्यावरून पोरीच्या हातात नारळ.

आणि तो अडकतोय.

का ते तिने मला समजावलं. (तिला भिंतीला सांगायचं होतं, मी भिंतीपुढे बसले होते.) प्रोग्रॅम आधीच दळून, चाळून, मशीनला पचेल असा करून ब्राउझरला देतात, म्हणून तो पळतो. पण जबडा हे एकट्याचं काम नव्हे. म्हणून पुढे एक मुख्य बसतो आणि मागच्या खोलीत त्याचे कामकरी (माणसं नव्हेत, त्या प्रोग्रॅमचेच भाग). कुणी वरचे दात करतं, कुणी खालचे, आणि सगळे एकाच फळ्यावर लिहितात. मुख्याला मात्र एक बंधन: त्याने कुणाची वाट बघत बसायचं नाही. माउस हलला, बटण दाबलं, सगळीकडे त्यालाच बघायचं असतं. तो थांबला की अख्खं पान गोठतं. आपल्या पोरीने काय केलं, कामकऱ्यांना हाक मारली आणि मुख्याला सांगितलं, ते आले असं कळेपर्यंत जागचा हलू नकोस. पण मागचं दार उघडायचं कुणी? त्यानेच! हा म्हणतो, तुम्ही आल्याशिवाय मी उठत नाही. ते म्हणतात, तू उठल्याशिवाय आम्ही आत यायचं कसं? भांडण नाही, तक्रार नाही, चूक झाली असं सांगणारी एक ओळ नाही. दोन्हीकडे नुसता रुसवा. (गेल्या वेळी तुम्ही ‘बोलावलं तर येऊ’ म्हणालात आणि मी ‘यायचं असेल तर कळवतील’ म्हणाले, ती गोष्ट वेगळी.)

मी म्हटलं, काढून टाक ते कामकरी, एकट्यालाच राबव. तर म्हणे, “आजी, मग तुझा जबडा अर्धा फिरेपर्यंत पेशंटचा दात आपोआप पडेल.” (ही जीभ तुमच्याकडची.)

काल डॉक्टरांना व्हिडिओवर थोडी झलक दाखवायला घेतली. जबडा उघडला, तो उघडाच राहिला. पोरगी घामाघूम. डॉक्टर कंटाळून म्हणाले, “या बाई तोंड कधी मिटणार?” मी मागे भाजी निवडत होते. म्हटलं, “अहो, मी अजून बोललेच कुठे?” डॉक्टर हसले. साहेब हसले नाहीत.

चूक तिला सापडलीये. कामकऱ्यांना आधीच आत आणून बसवायचं आणि मुख्याला कुठेच थांबू द्यायचं नाही. पण अशा थांबायच्या जागा तिने प्रोग्रॅमभर पेरून ठेवल्यात, त्या आता एकेक उकरतेय. आणि उकरता उकरता स्वतःच गोठलीये. जेव म्हटलं की ‘हो’. झोप म्हटलं की ‘हो’. बूड मात्र हलत नाही. मी ताट झाकते, उघडते, पुन्हा झाकते. आज सकाळी विचारलं, घर विकून टाकू का गं? ‘हो’ म्हणाली. सोमवारी जबडा फिरेल, पण तोवर ही उभी राहील का, याचा मला घोर लागलाय. माझं रोजचं बोलणं ऐकून तिचे कान निबर झालेत.

बाकी काय लिहू. लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढवलात तर परतफेड माझ्याच्याने होणार नाही.

तुमची,
विहीण

ता. क. पोरगी लहानपणापासून तुम्ही समोर बसलात की मुकाट जेवते. मला हे तेव्हाही आवडलं नव्हतं, आताही आवडत नाही. तुमची खोली झाडून ठेवलीये. सहज झाडली.

आणखी एक. हे बोलावणं नव्हे. कुणी विचारलं तर तुम्ही आपणहून आलात. त्यात कमीपणा वाटत असेल तर मी हातापाया पडले असं सांगा, पण माझ्यासमोर नको.

अगदी शेवटचं. उत्तर धाडू नका. तुमच्या उत्तराची मी वाट बघणार, माझ्या फोनची तुम्ही, आणि तोवर सोमवार उजाडेल. दाराला कडी लावलेली नाही. ढकला आणि आत या.