चौदापैकी चौदा गुण मिळवणारा माणूस

ती. मामांना,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरली आहे. पण मनातून पार जमिनीला टेकलो आहे असं समजावं.) तुमची दाढ काढली का, आणि काढली असल्यास दुखत होती तीच काढली का, ते कळवावं. मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. थांबला नसेल तर त्यांना तुमच्यावर ओरडायला त्रास होत असणार, आणि तुम्ही सध्या सुखात असणार. इकडे मी ठीक आहे. पत्राला उशीर झाला त्याचं कारण आळस नाही. गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत असं काही घडलं की ते कोणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस आपल्या घराण्यात तुम्ही एकटेच.

माझी बदली झाल्याचं मागच्या पत्रात लिहिलं होतं. बस आगाराच्या मागच्या अंगाला, टायर ठेवतात त्या खोलीला लागून, हरवलेल्या वस्तूंचा कक्ष आहे. बसमध्ये लोक जे जे विसरतात ते कंडक्टर संध्याकाळी इथे आणून देतात, आम्ही नोंदवहीत लिहितो, बाहेरच्या फळ्यावर यादी लावतो आणि मालकाची वाट पाहतो. लोक काय काय विसरतात हे सांगू लागलो तर पाकिटाला दुप्पट तिकीट लागेल. छत्र्या, डबे, चष्मे हे रोजचंच. पण एक जण लाकडी शिडी विसरला होता. (शिडी घेऊन बसमध्ये चढणं जितकं अवघड, तितकंच ती विसरून उतरणं अवघड असलं पाहिजे. पण तो उतरला.) कवळीवरून दोन आजोबांचं झालेलं भांडण हा एक वेगळा अध्याय आहे, परंतु मामी पत्र जेवताना वाचतात म्हणून तो गाळतो.

या कक्षाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण सगळं आगार त्यांना मोठ्या बाईच म्हणतं. एकतीस वर्षं त्या त्याच लाकडी खिडकीमागे बसल्या आहेत. खरा मालक कोण आणि हात मारायला आलेला कोण, हे त्या ओळखतात, आणि ते कसं ओळखतात हे कोणाला सांगता येत नाही. एकदा एक गृहस्थ काळी छत्री मागायला आले. आमच्याकडे काळ्या छत्र्या बावीस. बाईंनी काही न विचारता मुद्दाम सगळ्यात चांगली, नवी छत्री त्यांच्यापुढे ठेवली. ते बिचारे म्हणाले, ही नाही हो, माझी मोडकी आहे. बाईंनी लगेच सही घेतली. मी तिथे नवीन, शिवाय पदवीधर. मला वाटलं, हे सगळं अंदाजपंचे चाललं आहे, याला काही पद्धत हवी.

म्हणून मी पद्धत तयार केली. दोन रविवार घालवून प्रश्नपत्रिका काढली, चौदा प्रश्नांची. वस्तूचा रंग, आकार, वजन, खुणा, आत काय, बाहेर काय, कडी कोणत्या बाजूला वगैरे. दहाच्या वर गुण मिळाले तर वस्तू द्यायची, नाहीतर पुरावा आणायला सांगायचं. बाईंनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि अक्षर छान आहे म्हणाल्या. मला ते कौतुक वाटलं. (आता वाटत नाही.)

गेल्या मंगळवारी बाई डबा खायला मागे गेल्या आणि खिडकीवर मी एकटाच होतो. एक म्हातारी बाई आली. स्वच्छ पण विटलेलं लुगडं, हातात पिशवी, पायात वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. तिचं व्हायोलिन हरवलं होतं, चार दिवसांपूर्वी, बसमध्ये. दोन बस बदलल्या होत्या, म्हणून आधी तीन दिवस दुसऱ्या आगारात खेटे घालून आता इकडे आली होती. आमच्या फळीवर व्हायोलिन होतंच. मी प्रश्नपत्रिका काढली. पेटीचा रंग? काळा, म्हणाली. पेटी तपकिरी होती. आतलं कापड? आठवत नाही. तारा किती? चार असतील, नाहीतर पाच. त्यातली एक तुटली आहे, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. गज कोणत्या बाजूला ठेवलेला असतो? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चंद्राचं वजन विचारलं. चौदापैकी दोन गुण पडले. मी अतिशय सौम्यपणे (हे महत्त्वाचं, मी उद्धट नव्हतो) तिला सांगितलं की पुरावा आणा, पावती, फोटो, काहीही. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

दहा मिनिटांत दुसरे गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, केस चापून बसवलेले, बोलणं इतकं गुळगुळीत की माशी बसली असती तर घसरली असती. त्यांचंही व्हायोलिन हरवलं होतं. मामा, काय सांगू, पहिल्या प्रश्नापासून माणूस सुसाट सुटला. पेटी तपकिरी, कोपऱ्याला चामडं उसवलेलं, आत लाल मखमल, मखमलीवर डाग, डाग कोणत्या आकाराचा तेही. तारा चार, एक तुटलेली. गज झाकणाच्या बाजूला, दोन पट्ट्यांखाली. चौदापैकी चौदा. मला गहिवरून आलं. माझ्या पद्धतीचं इतकं चीज कोणी केलं नव्हतं. मी पेटी त्यांच्या हातात दिली, त्यांनी सही केली, माझ्याशी हात मिळवला आणि ते गेले. मी प्रश्नपत्रिकेवर लाल शाईने गुण लिहीत होतो तोवर बाई हात पुसत आल्या.

त्यांनी रिकामी फळी पाहिली, मग दारातून बाकावरच्या म्हातारीला पाहिलं, मग मला. मी सगळं अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, चौदापैकी चौदा? मला माझ्या नवऱ्याबद्दल विचारलं तरी एवढे पडणार नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पेटी हातात आल्यावर त्याने उघडून पाहिली का?"

मी विचार केला. नव्हती उघडली. मामा, चार दिवस हरवलेली जिवाभावाची वस्तू हातात आली, तर ती धड आहे का हे आधी कोण बघणार नाही? आपण तर पाकीट सापडलं की आधी उघडतो. हा माणूस पेटीतल्या डागाचा आकार सांगतो आणि पेटी उघडत नाही. जे पाहायचं ते त्याचं आधीच पाहून झालं होतं.

बाई मुळीच रागावल्या नाहीत. (रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.) त्यांनी मला धावत जायला सांगितलं आणि जाता जाता काय बोलायचं तेही सांगितलं. मी टायरच्या ढिगावरून, धुण्यासाठी उभ्या केलेल्या दोन बसच्या मधून, पाण्याच्या डबक्यातून पळालो. हातात शिक्क्याची डबी तशीच राहिली होती, त्यामुळे सदऱ्यावर जांभळे डाग पडले ते अजून निघत नाहीत. गृहस्थ सात नंबरच्या रांगेत उभे होते. मी धापा टाकत पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की साहेब, माफ करा, या पेटीबरोबर एक लहान निळी डबीसुद्धा सापडली आहे, ती आपलीच आहे का?

अशी कुठलीही डबी नव्हती. मी खोटं बोललो, आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामासाठी. त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून म्हणाले, अरे, ती विसरलोच होतो की.

आम्ही परत आलो. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, कोरा कागद दिला आणि डबीचं वर्णन स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगितलं, नियम आहे म्हणून. मामा, तो माणूस लिहू लागला आणि मी थक्क होऊन बघत राहिलो. जगात नसलेल्या डबीला त्याने पितळी कडी लावली, आतून पांढरा कापूस घातला, कापसावर आईची अंगठी ठेवली. झाकणावर एक ओरखडासुद्धा काढला. मला माझ्या स्वतःच्या टेबलाचा खण इतका नीट आठवत नाही. लिहून, सही करून त्याने कागद पुढे केला. मग बाईंनी बाहेरच्या म्हातारीला आत बोलावलं आणि विचारलं, आजी, तुमच्या पेटीबरोबर एक निळी डबी होती का हो?

म्हातारी गोंधळली. म्हणाली, नाही बाई, डबी कुठली? नुसतं वाद्य होतं. दुसऱ्या कोणाची असेल, त्यांना द्या, शोधत असतील बिचारे.

बाई त्या गृहस्थांकडे वळल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ती डबी मी मघाशी हात पुसता पुसता तयार केली." गृहस्थ उठले. म्हातारीने त्यांना आता नीट पाहिलं आणि ओळखलं. त्या दिवशी बसमध्ये ते तिच्या शेजारी बसले होते. तुटलेली तार बघायला तिने पेटी उघडली तेव्हा छान आहे हो म्हणाले होते. चांगला माणूस वाटला, असं ती आताही म्हणाली. गृहस्थांनी पेटी खिडकीच्या फळीवर ठेवली आणि मान खाली घालून गेले. बाईंनी मला नोंद करायला लावली, आणि शेवटी सांगितलं की ठेवताना त्याने पेटी हळू ठेवली, तेही लिहा, खरं आहे ते. मामा, एवढं मला सुचलं नसतं.

मग म्हातारीने पेटी उघडली. व्हायोलिनकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले आणि अंगठ्याने एक तार छेडली, कान जवळ नेऊन. आवाज काही फार चांगला नव्हता, किंचित उतरलेला. ती म्हणाली, हेच. नवऱ्याचं वाद्य होतं ते. एकेचाळीस वर्षं तो पुढच्या खोलीत वाजवत होता आणि ती आत चुलीपाशी ऐकत होती. पेटीचा रंग बघायला ती बाहेर आली कधी? गेल्या वर्षापासून त्याचा डावा हात आणि वाचा दोन्ही गेली. वाजवणार नाही तो आता, पण तुटलेली तार दिसली की तोंड फिरवतो, म्हणून तिने दुरुस्तीला न्यायला काढलं होतं. आणि हरवल्यापासून रोज त्याला सांगत होती की तार मिळत नाही, दुकानातच आहे. तो बोटं हलवून विचारतो, आणि ती सांगते, उद्या. हे सांगून तिने पेटी मिटली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

माझ्या चौदा प्रश्नांत आवाज कसा आहे हा प्रश्नच नव्हता, मामा. मला तिच्याकडे बघवेना.

मोठ्या बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली (एकतीस वर्षांतली दुसरी, असं शिपाई सांगतो), पर्स उचलली आणि म्हातारीला म्हणाल्या, "चला, दुकान उघडं आहे. चार दिवसांचं खोटं संध्याकाळपर्यंत खरं करून टाकू." दोघी जोडीने गेल्या, पेटी मध्ये धरून. मी खिडकीतून बघत राहिलो. मला असं वाटलं की आपण पदवी वगैरे घेतली, पण शाळा आत्ता कुठे सुरू झाली. प्रश्नपत्रिका मी फाडली. बाईंनी दुसऱ्या दिवशी तुकडे मात्र मागच्या कोऱ्या बाजूसाठी ठेवून घेतले.

मामींना नमस्कार. दाढेचं कळवावं.

आपला भाचा

ता. क. बाईंबद्दल काही चुकीचं लिहू नये म्हणून हे पत्र आज त्यांना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, सगळं खरं आहे, पण इतकी पानं लिहूनही मामांकडे मागितलं काहीच नाही, आणि तुम्ही उगाच इतकं लिहिणारे दिसत नाही. मी पत्र परत घेतलं. त्या जेवायला गेल्या.

दुसरा ता. क. मागणं असं आहे. पन्नास वर्षांपूर्वी कपाटाचा आरसा कोणी फोडला यावरून गेल्या वर्षी तुमचं आणि आईचं बोलणं बंद झालं. (कोणी फोडला ते मी विचारत नाही.) पण तेव्हापासून तुमचं पत्र आलं की मी ते आईला वाचून दाखवतो, आणि शेवटी तुम्ही न लिहिलेली एक ओळ माझ्या पदरची घालतो, "ताईची तब्येत कशी आहे? तिला जपायला सांग." ती ऐकून घेते आणि दरवेळी ती ओळ पुन्हा वाचायला लावते. इतके दिवस तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं. शनिवारी तिचा नवा चष्मा येतो आहे आणि तुमची सगळी पत्रं स्वतः वाचायची असं तिने ठरवलं आहे. जुन्यांचं मी काहीतरी बघतो. पण पुढच्या पत्रात तेवढी ओळ तुमच्या हाताने लिहा. हात जोडून विनंती आहे.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली, म्हणून सगळं सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, "तो मला तब्येत विचारणार? जन्मात त्याने 'काय गं, आहेस का अजून?' याच्यापलीकडे काही विचारलेलं नाही. पहिल्याच पत्राला कळलं मला." मग दरवेळी पुन्हा का वाचायला लावायचीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू मनापासून वाचायचास. मामा, मी सांगितलेली ओळ लिहू नका. तुमचीच लिहा.