बुधवारचा सकाळी नऊचा शो

बाबा, आज तुमच्यावर फार चिडले आहे, आणि भांडायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मी इथेच चंदीगडला एका मल्टिप्लेक्समध्ये नोकरी करते, हेही तुम्हाला माहीत नाही. कुठल्या पडद्यावर कुठला पिक्चर किती वाजता लावायचा, ते मी ठरवते. ठरवते कसली! गेल्या आठवड्यात एका मोठ्या हिंदी पिक्चरच्या वितरकाने फोनवर सुनावलं, ‘सारे शो हमें दो, नहीं तो दिवाली वाली फिल्म भूल जाओ.’ मी मुकाट्याने दिले. त्यातून एक परदेशी पिक्चर कसाबसा वाचवला, सबटायटल्सवाला, संथ, तुम्हाला आवडला असता असा. त्याला बुधवारी सकाळी नऊचा एकच शो दिला. नऊ वाजता कोण मरायला येतंय पिक्चरला!

आणि मग तुमचे पिक्चर दाखवायचे रविवार आठवत बसले. सेक्टर एकोणचाळीसमधल्या तुमच्या संशोधन संस्थेचा हॉल, आणि तुमच्या स्कूटरवर मागे, दिल्लीहून आलेला रिळांचा पत्र्याचा डबा पोटाशी धरून बसलेली मी. तुमचे शास्त्रज्ञ मित्र चहा पिऊन मध्यंतरातच पसार व्हायचे. उरायचे ते माळीकाका, त्यांची बायको आणि गेटवरचे सरदारजी. त्यांना खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून तुम्ही पडद्याशेजारी माईक घेऊन उभे राहता आणि आपल्या नागपुरी हिंदीत एकेक ओळ सांगत जाता. ‘वो बोल रही है, मेरे को घर नहीं जाना.’ पुढे ती बाई रडते तेव्हा आवाज तुमचाच अडकतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. एकदा कडाक्याच्या थंडीत एकटे माळीकाकाच आले. मी तेव्हा दहावीत होते. म्हटलं, ‘बाबा, कोणीच नाहीये, चला ना घरी.’ तुम्ही केवढ्याने ओरडलात! ‘हा माणूस तुला दिसत नाही का?’ आणि अख्खा पिक्चर लावलात. मी शेवटपर्यंत तोंड फुगवून बसले.

बुधवारी सकाळी मी थिएटरवरच होते. पावणेनऊला एक मुलगी आली. शहराबाहेर खरड गावच्या कॉलेजात शिकते, वेबसाइटवर शोची वेळ बघून दोन बस बदलून आली होती. शो रद्द झालाय, हे तिला पटेना. मी नेहमीचं पाठ केलेलं म्हणून टाकलं, ‘ऐसी फिल्मों की पब्लिक ही नहीं है जी. आप बड़ी वाली देख लो, मैं बिठा देती हूँ.’ ती म्हणाली, ‘मॅम, मैं आई तो हूँ.’ भांडली असती तर बरं झालं असतं, यार. ती जिना उतरून गेली आणि मी तिथेच उभी. तो पडदा अकरा वाजेपर्यंत रिकामाच होता. लावता आला असता. तुम्ही लावला असतात, आणि माईक घेऊन उभेही राहिला असतात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? आणि टाकलं असतं, तरी पुढचं मी गाळलंच असतं. ‘एकही तिकीट गेलं नाही, शो रद्द,’ असा मेल मी मुंबईच्या हेड ऑफिसला मंगळवारी दुपारीच पाठवला होता. त्या शोचं बुकिंग मी सुरूच केलं नव्हतं, बाबा.