तेजश्री पुन्हा दारात दिसू देण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
चित्रीकरण तक्रार निवारण समिती,
जिल्हा कचेरी, कलबुर्गी.

अर्जदार : पिराप्पा, धंदा शेती व मेंढरे, राहणार मौजे मादन हिप्परगा, तालुका आळंद.

विषय : माझ्या घरासमोर मोबाइलमध्ये दिसणारी माझी मयत मुलगी आपल्या आदेशाने बंद झाली आहे, ती पुन्हा सुरू करण्याबाबत.

संदर्भ : तिला बंद करण्याबाबतचा माझाच मागील अर्ज व त्यावरील आपला आदेश.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक लिहितो की, मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो असून अर्ज स्वतः लिहीत आहे. मागील अर्जावर आपण तत्काळ कारवाई केलीत, त्याबद्दल मी आभारी आहे. ती कारवाई रद्द व्हावी म्हणून पुन्हा आपल्या दारी आलो आहे. मागे राग होता म्हणून सर्व हकीकत लिहिली नव्हती. आता लिहितो.

१. दोन वर्षांमागे एका चित्रपट कंपनीने कडगंचीजवळच्या माळावर तंबू ठोकला. गर्दीसाठी माणसे पाहिजेत म्हणून आमच्या गावातून बरेच जण गेले. माझी मुलगी तेजश्री ही बी.ए.ला होती, तीही मैत्रिणींबरोबर गेली. तंबूत चहूबाजूंनी कॅमेरे लावून मध्ये एकेकाला उभे करीत व हस, भी, ओरड, असे सांगत. घरी येऊन ती म्हणाली, "अप्पा, त्यांनी रडायला सांगितलं आन् मला हसूच यायलं. मग म्हटले, तुझी माय मेली असं समज. तवा कुठं रडू आलं." तिच्या आईने ते ऐकून तिला पाठीत धपाटा घातला व आम्ही सर्व हसलो. कंपनीच्या लोकांनी गावातील गल्ल्यांची व घरांचीही चित्रे अशीच घेतली होती. सही तिने स्वतः केली होती. ती सज्ञान होती, याबद्दल माझी तक्रार नाही.

२. त्याच साली पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग कलबुर्गीस नेले. ती परत आली नाही.

३. पुढे चित्रपट निघाला. त्यात एक चेटकीण आहे, तिला गाव दगडांनी मारतो. ती बाई कोणा नटीने केलेली नसून यंत्राने बनविली आहे व यंत्राने चेहरा माझ्या मुलीचा घेतला आहे. भ्याली की डावा हात कानाशी नेण्याची तिची लकब होती, तीसुद्धा यंत्राने उचलली आहे. बिदरला माझ्या बहिणीच्या गावी गेलेला माझा मुलगा श्रीशैल याने चित्रपट पाहिला व मध्येच उठून आला. घरी आठ दिवस तो कोणाशी बोलला नाही. कामून बोलत नाहीस, असे आईने विचारले तर म्हणे, "दात दुखायलाय."

४. त्यानंतर चित्रपटाच्या जाहिरातीसाठी कंपनीने मोबाइलवर खेळ काढला. चित्रपटात चेटकिणीचे घर म्हणून आमचे घर दाखविले असल्याने आमच्या दाराकडे मोबाइल धरला की माझी मुलगी उंबऱ्यात येऊन उभी राहते. काचेवर बोट मारले की दगड जातो. रक्त येते, ती पडते, पुन्हा उठते व हात जोडून "होडीब्याडरी, होडीब्याडरी" म्हणते. मारू नका हो, असे ते कन्नडमध्ये म्हणते, पण आवाज तिचाच. गाड्या भरभरून मुले येऊ लागली. ती आमच्या दाराकडे मोबाइल धरून ओरडत व हसत. माझी पत्नी सुभद्राबाई हिला काही कळेना. ती खराटा घेऊन धावली, तेव्हा एका मुलाने तिला काचेत तेजश्री दाखविली.

५. सुभद्राबाई खाली बसली. मी तिला आत ओढू लागलो तर म्हणाली, "थांबा की. लेकरू उभं हाय." त्या दिवसापासून तिने मुलांना हाकलणे सोडले. उलट त्यांना पाणी देई व त्यांच्या खांद्यामागून पाही. गावात लोक म्हणू लागले की, बाईला वेड लागले, पोटची पोर मार खायलीय आन् ही पाणी वाटायलीय. श्रीशैलची ठरलेली सोयरीक मुलीकडच्यांनी मोडली.

६. आता जे लिहितो ते मागील अर्जात नव्हते. एके दिवशी कोणी मुले आली नाहीत, म्हणून तिने श्रीशैलचा मोबाइल घेऊन दाराकडे धरला. तेजश्री आली. परंतु त्या खेळाची रीत अशी की, दगड बसत राहिले तरच ती राहते. हात थांबला की ती विरून जाते. सुभद्राबाई श्रीशैलला म्हणाली, मार. तो मोबाइल टाकून मेंढरांकडे निघून गेला. मग मला म्हणाली, "माझ्या हातानं हुईना. तुमी मारा. बगा, जायलीय ती." साहेब, मी मारले. पोर पडली, उठली, मला हात जोडून "होडीब्याडरी" म्हणाली. सुभद्राबाई रिकाम्या उंबऱ्यावर हात फिरवून, "उगी, माय, उगी," म्हणत होती आणि मला म्हणत होती, मारा. मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत मी मारत होतो. दुसऱ्याच दिवशी मी पत्नीस न सांगता आपल्याकडे अर्ज केला.

७. आपला आदेश निघाला व खेळ बंद झाला. सुभद्राबाईला कारण कळल्यावर ती एकच वाक्य बोलली, "एकदा देवानं नेली, एकदा तुमी." ती मोबाइल धरून दारात उभी असते. काचेत उंबरा दिसतो व स्वतःच्या पायातल्या चपला दिसतात. तिने भाकरी सोडली आहे, चहावर आहे. डॉक्टर म्हणाले, असेच चालले तर हिचे खरे नाही.

८. मी कंपनीच्या रविकुमार नावाच्या गृहस्थांस फोन केला. तेजश्री नुसती उभी राहील, बोलेल, असे करता येईल काय, असे विचारले. ते भले माणूस, मराठीत बोलले. म्हणाले, "दगडाबिगर त्यात काहीच न्हाई, अप्पा. तोच तर खेळ हाय. साहेबांचा आदेश उठवून आणा, लगेच सुरू करतो."

तरी साहेबांस हात जोडून विनंती की, आपला आदेश रद्द करून माझी मुलगी आहे तशी, दगडांसह, सुरू करण्यास परवानगी द्यावी. गावच्या वा बाहेरच्या मुलांनी माझ्या दारी येण्यास माझी हरकत नाही. पाण्याची सोय मी करीन. मुलांना फक्त एवढे कळवावे की, मारताना सर्वांनी एकदम थांबू नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
पिराप्पा
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
मुलीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
अर्जाचे कन्नड भाषांतर.
पत्नी सुभद्राबाई हिचा संमतीचा अंगठा.