अर्धी भाकणूक

सांगली,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. अंजनाआक्का हिस,
धाकट्या पल्लवीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

माणसाचा आवाज एकदा त्याच्या तोंडातून सुटला, की तो त्याचाच राहतो का? आक्का, मला याचं उत्तर माहीत नाही. घरातली पहिली पदवी माझी, निकालाच्या दिवशी आप्पांनी फेटा बांधून गावभर पेढे वाटले, पण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. फोन केला असता. पण तुझ्या घरी फोन वाजला की भावोजी तो स्पीकरवर टाकतात आणि सगळी वस्ती गोळा होते. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

तुला मागे सांगितलं होतं, विश्रामबागेत एका कॅफेच्या गच्चीवर अधूनमधून गाण्यांचा कार्यक्रम असतो. इथली मुलं त्याला गिग म्हणतात. तू विचारलं होतंस, त्यात तमाशातल्यासारखं काय असतं काय. तसलं काही नसतं गं. चटया टाकलेल्या, तीस-चाळीस माणसं आणि समोर एक टेबल. दवाखान्यात माझ्याबरोबर नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून मी पहिल्यांदा गेले. वाटलं होतं, मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखी छाती धडधडेल. तर इस्लामपूरचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला. साखर कारखान्याचा भोंगा त्याने इतका सावकाश केला होता की कुणी झोपेत श्वास घेतंय असं वाटावं. मग पाचगणीच्या एका मुलीने स्वतः रचलेली गाणी म्हटली, कुठल्याही सिनेमातली नाहीत. एकाने मिरजेचा तंबोरा यंत्राला जोडला आणि नुसती एक तार छेडून आम्हाला अर्धा तास गप्प बसवलं. खोलीवर चालत येताना मला बोअरच्या मोटारीचा आवाजसुद्धा नवा वाटला.

तेव्हापासून मी एक गिग चुकवला नाही. लॅपटॉपवर मीही काहीबाही जुळवायला शिकले. आणि मनात एकच यायचं, की भोंगा चालतो, तंबोरा चालतो, मग आपलं का नाही? आपला ढोल, मेंढरांची घुंगरं, रानोरान फिरणाऱ्या आपल्या वाड्यावरच्या हाका. आपण दरवर्षी यांच्या रानातून जातो, पण यांनी आपल्याला कधी ऐकलेलं नाही.

आता बसून घे आणि मग पुढचं वाच. दसऱ्याच्या जत्रेत आप्पांच्या अंगात वारं आलं आणि त्यांनी येत्या वर्षाची भाकणूक सांगितली, तेव्हा देवाचा शब्द कुणी टिपू नये म्हणून सगळ्यांचे फोन पुजाऱ्याच्या टोपलीत होते. मी टोपलीत माझा बंद पडलेला जुना फोन टाकला. चालू फोन ओढणीत होता, सगळं टिपत.

त्यातलं एक वाक्य मी घेतलं. मेंढरावर रोगाची सावली यील, वाटंवर ती सरंल, वाडा म्होरं चालंल. त्याचा पुढचा भाग ठेक्यात बसेना, म्हणून मी तो कापला. मेंढरावर रोगाची सावली यील, वाटंवर, मेंढरावर रोगाची सावली यील, वाटंवर, असं फिरत ठेवलं आणि खाली ढोल लावला. खरं सांगायचं तर ठेका हे निम्मंच कारण होतं. तसं कापल्यावर ते ऐकायला भीतीदायक झालं आणि मला ती भीती आवडली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गच्चीवर वाजवलं तेव्हा लोकांच्या अंगावर काटा आला. मी खूश झाले.

कुणीतरी चित्रफीत काढली. त्यातला तेवढाच तुकडा आता जत-आटपाडीच्या मेंढपाळांच्या फोनवर फिरतोय, आप्पांच्या नावावर, कोंडीबांनी एकांतात दुसरी भाकणूक केली म्हणून. तुझ्याकडे आलाय का? लवकर कळव. मला फार भीती वाटते आहे.

रागावलीस तरी मला तोडू नकोस, एवढंच मागते.
तुझी
पल्लवी


वस्तीवरून, माण
३१ ऑक्टोबर

चि. पल्लवीस,
तुज्या आक्काचं पोटभर आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं. हातबी भाजला, घाईत.

व्हय, आलाय हितं. परवा तुजं भावोजी जेवत हुतं, फोन वाजला, त्यांनी सवयीनं स्पीकरवर टाकला आन आप्पांचा आवाज घरात शिरला. माज्या हातातली परात खाली पडली. तो आवाज वळखायला मला काय येळ लागतुया? सासूबाईंनी तर हात जोडलं. मग म्हनाल्या की तुज्या बापानं जत्रंत येक सांगितलं आन माघारी दुसरंच सांगतुया, असला कसला त्यो देवाचा मानूस. सातवा म्हैना लागलाय, पोटातलं पोर लाथा मारतंय आन बाहीर ह्या सासूबाई, बनुबाई.

येरवी दिवाळीचा फराळ सरायच्या आत वाडा हालतो. मेंढरं, घोडी, भांडीकुंडी घिऊन समदी कृष्णाकाठाला उसाच्या रानात चालू पडत्यात. औंदा येकबी वाडा हालला न्हाई. वाटंवर रोग हाय म्हनत्यात. कोन म्हनतंय, पयला जो निगंल त्येचं मेंढरू पयलं मरंल. हितं रानात आता काडी ऱ्हायली न्हाई, मेंढरं बाभळीच्या साली वरबाडत्यात. आमच्या शेजारच्यानं निम्मी मेंढरं खाटकाला घातली. तेची बायको मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीत तोंड घालून रडत हुती.

तुला आठवतंय का, ल्हानपनी तू पत्र्याचा डबा वाजवून गाभन मेंढ्या बुजवल्या हुत्यास आन मार मी खाल्ला हुता? ह्यो डबा लय मोठा वाजला गं बाई.

आप्पांचं काय चाललंय ठावं न्हाई. उद्या तुजं भावोजी मला गाडीवर माहेराला सोडत्यात. बघून कळवती. तवर तू गप ऱ्हा. जेवत जा.

तुला शिव्या देनारी पन तुजीच,
आक्का


सांगली,
३ नोव्हेंबर

ती. आक्का हिस,
पल्लवीचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आज मिळालं. शेजारच्यांच्या मेंढरांचं वाचून मी दवाखान्यातल्या मागच्या जिन्यात जाऊन बसले.

गाणं मी सगळीकडून काढून टाकलं. पण तुकडा माझ्या हातात नाही, तो माणसांच्या फोनमध्ये आहे. परवा सकाळी नोंदणीच्या रांगेत एक म्हातारबाबा होते, जतकडचे, मुंडासं बांधलेले. खिडकीशी आल्यावर मी नाव विचारलं. त्यांनी आधी शेजारच्या माणसाला फोनवर ते ऐकवलं. माझ्या खिडकीतून, आक्का, माझ्याच हाताने कापलेला आप्पांचा आवाज. बाबा म्हणाले की पोरी, तुमच्याकडं शिकल्याली मानसं हाईत, मेंढराच्या रोगावर काय लस निगाली असंल तर इचारून सांग. मी त्यांचा कागद भरला. गावाचं नाव दोनदा चुकलं, दोनदा खोडावं लागलं. मीच ते केलं हे माझ्या तोंडातून निघालं नाही.

राजवर्धन म्हणून कॅफेचा मालक आहे, तोच हे कार्यक्रम ठरवतो. माणूस वाईट नाही. त्याने विचारलं की येत्या रविवारी साताऱ्यात मोठा कार्यक्रम आहे, पुण्याचीही मंडळी येणार, तू सावलीचं ते गाणं वाजवशील का. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की लोक एवढे घाबरले म्हणजे गाण्यात ताकद आहे. तो चेष्टा करत नव्हता, म्हणून जास्त लागलं. वर्षभर मी याच बोलावण्याची वाट पाहत होते, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

पूर्ण भाकणूक माझ्याकडे आहे. सुरुवातीपासून शेवटच्या चांगभल्यापर्यंत, एक शब्द कापलेला नाही. ती सगळ्यांना ऐकवली तर भीती जाईल ना? की देवाचा शब्द चोरून घेतला हे उघडं होऊन आप्पांनाच जास्त त्रास होईल? सगळ्या वाड्यांवर ज्यांचा शब्द चालतो ते नाथाजीकाका काय करतील? मला रात्रभर ढोल ऐकू येतो. कान झाकले तरी येतो.

तू म्हणशील ते करीन. लवकर लिही.

तुझ्या पंखाखाली राहू दे,
पल्लवी


माहेराहून
६ नोव्हेंबर

चि. पल्लवीस,
आक्काचे आशीर्वाद.

आप्पा बरं न्हाईत. आजारी न्हाईत, पन बरंबी न्हाईत. गावच्या समद्या वाड्यांत वडील मानूस म्हनून नाथाजीकाका चार मानसं घिऊन आलं हुतं. त्यांनी आप्पांना ती फीत ऐकवली आन इचारलं की ह्यो आवाज तुजाच का. आप्पा खोटं बोलत न्हाईत. म्हनाले, व्हय, माजाच. मग कवा बोललास, तर म्हनाले, जत्रंत. काका म्हनाले की मग म्होरलं काय हुतं ते बोल, आमी ऐकतो. आप्पा गप.

तुला रीत ठावं हाय न्हवं? भाकनूक वरसातनं येकदाच. देवाचं वारं अंगातनं गेलं की तो शब्द परत तोंडातनं काडायचा न्हाई, घरातबी न्हाई, सपनातबी न्हाई. आन जत्रंतली मानसं आता येकेक येगळंच सांगत्यात. कोन म्हनतंय सावली सरंल असं आलं हुतं, कोन म्हनतंय न्हाई. ढोलाच्या नादात, भंडाऱ्याच्या धुरळ्यात कुनाला नीट आठवतंय? आप्पांना येकट्याला ठावं, आन त्यांनाच बोलता येत न्हाई. भाकरी नुसती चुरून ठेवत्यात आन उठून जात्यात.

मी त्यांना तुजं नाव सांगितलं न्हाई. पन मला वाटतंय त्यांनी वळखलंय. मला म्हनाले की पोरीचं जेवनखान नीट हाय का तितं. येवढंच.

पल्लवे, पाया पडती, तू येऊ नगंस. सांगू नगंस. हितली पोरं लय तापल्यात, ज्यानं हे केलं त्येचे हात मोडू म्हनत्यात. महिन्याभरात इसरत्याल. बाईमानसाचं नाव येकदा गावात निगालं की आयुष्यभर निगतंय. तू नोकरी कर, गानी ऐक, साताऱ्याला जायाचं तर जा. मी हाय हितं आप्पांजवळ रविवारपतोर, मग माजं पोट घिऊन सासूबाईंच्या पुढ्यात.

मलाबी लय भ्या वाटतंय. कुनाला सांगू? तुलाच सांगती.

ऐक माजं,
आक्का


विट्याच्या वाटेवरून, पहिला मुक्काम
१२ नोव्हेंबर

ती. आक्का हिस,
पल्लवीचा शि. सा. नमस्कार. मी जिवंत आहे, हात शाबूत आहेत, हे आधी वाच.

तुझं ऐकलं नाही. रविवारी तू सासरी गेल्याचं कळलं आणि सोमवारी मी गावात उतरले. साताऱ्याला गेले नाही. तू असतीस तर तुझ्या पोटाकडे बघून मला बोलता आलं नसतं, म्हणून तू जायची वाट पाहिली. हेही माफ कर.

आधी आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ काठीने जमीन उकरत राहिले. म्हणाले की आवाज चोरलास ते देव बघून घेईल, पण शब्द अर्धा का टाकलास? मी म्हणाले, चांगलं वाजत होतं. आक्का, त्यापेक्षा वाईट उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

संध्याकाळी देवळापुढे सगळे जमले. आप्पा ओढ्यापलीकडे जाऊन बसले, आपला शब्द आपल्या कानावर पडू नये म्हणून. मी उभी राहिले. टोपलीतला जुना फोन, ओढणी, गच्ची, कापलेलं वाक्य, सगळं बोलले. मग पुजाऱ्याच्या भोंग्याला फोन लावून पूर्ण भाकणूक ऐकवली. वाटंवर ती सरंल, वाडा म्होरं चालंल. सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय. नाथाजीकाका उठले. म्हणाले की पोरी, तुजं यंत्र कापू शकतंय तर जोडूबी शकतंय. हे आत्ता ऐकवलंस ते तू जोडलं न्हाईस कशावरून? कुणी हसलं नाही. मागून एक पोरगा शिवी घालून पुढे आला, त्याला काकांनीच हाताने मागे सारलं. आणि खरं सांगू? काका बरोबर बोलत होते. मला जोडता आलं असतं. तिथे माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं?

मग मी म्हणाले, पयला वाडा आमचा निगंल. पुढं मी चालीन. हे बोलताना मला माहीत होतं की वाटेत एक मेंढरू जरी दगावलं, तरी ते माझ्या आणि आप्पांच्या माथ्यावर, कायमचं. काका म्हणाले की तुज्या पायात चालायची सवय तरी हाय का, लिफ्टनं जातीस तू. त्यावर मात्र दोघं-तिघं हसले. दवाखान्यात जिनाच आहे, हे सांगायचं मला सुचलं नाही.

मंगळवारी बिऱ्हाड बांधलं आणि दवाखान्यात कळवलं, येत नाही म्हणून. सुट्टी मिळेल की नोकरी जाईल, माहीत नाही. चुलतीने घोडी लादली. आप्पांनी माझे बूट बघितले, बाजूला ठेवले आणि स्वतःचं पायताण दिलं. दोन बोटं मोठं आहे, आत चिंध्या घातल्यात. आज निघालो तेव्हा गाव रस्त्याच्या दोन्ही कडेला उभं होतं.

आता दुपार आहे. एका शेतकऱ्याच्या बांधावर बसून लिहिते. मघाशी एक मेंढी दोनदा खोकली. चुलती म्हणाली की धुरळा गेला असंल. मी तिच्यापाशीच बसले आहे, तिचा श्वास ऐकत. भीती कालच्यापेक्षा कमी नाही. तिन्हीसांजेला पुन्हा खोकली तर काय करायचं, मला ठाऊक नाही. पण परत फिरणार नाही, कारण आज सकाळी मी काठी घेतली, सगळ्यांच्या देखत पुढे झाले, हाक दिली, आणि मेंढरं माझ्यामागे आली.

बनुबाईंना सांग, कोंडीबाचा वाडा हलला आहे.

तुझी आणि तुझ्या बाळाची,
पल्लवी