सातवी ओळ, तिसरा चौकोन

५ नोव्हेंबर
सकाळी ह्यांची वही पुन्हा काढली. शेवटचं पान: "सापडलं. ओळ ७, चौकोन ३. सावली लांब." एवढंच. त्यानंतर सहाव्या दिवशी हे गेले. मला बोलले नव्हते. खात्री करून मग सांगणार असतील.
भिंतीवरचा कागद अजून तसाच आहे. चंद्राचा फोटो, सोळा तुकडे चिकटवलेला, वर पेन्सिलीने चौकोन. धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून हे आले की चहाआधी त्याच्यासमोर. शोधायचं काय, तर रशियाचं जुनं यान, माझ्या जन्माआधी उतरलेलं, आत माणूस नव्हता. साधारण कुठे उतरलं ते माहीत आहे. नेमकं कुठे, ते नाही.
ओ. ७, चौ. ३ भिंगातून पाहिला, मग लॅपटॉपवर मोठा करून. सपाट. दगडसुद्धा नाही.

८ नोव्हें.
अशा जागा शोधणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, हे त्यात होते. तिथल्या सरांना कळवलं. उत्तर आलं, "ताई, ओळी कुठून मोजल्यात?"
वरून, डावीकडून. लिहायला शिकले तशी. दुसरं कुठून मोजणार?
दु. कागद काढून उलटा धरला. सगळे खड्डे उंचवटे झाले. सुलटा केला, पुन्हा खड्डे. कागद तोच, ऊन तेच. तीन-चारदा केलं. भात बुडाला लागला.

११ नोव्हें.
पेणला जाऊन आले. रामवाडीला दामूभाऊजींकडे. ह्यांचे धाकटे भाऊ. दोघे लहानपणी वडलांबरोबर मिठागरात असायचे. विचारलं, मिठाचे वाफे कुठून मोजायचात?
"उघाडीपासून. खाडीचं पानी आत घ्यायची ती झडप, तिथला पयला. दुसरं कुठून मोजनार, वयनी?"
"हे पण तसंच?"
"दादा तर घर गळलं तरी तसंच सांगायचा. उघाडीपासून तिसरं कौल. आमी विचारायचो, घराला कुठली आली उघाडी? तर म्हनायचा, दार."
"आणि चंद्राला?"
भाऊजी हसले. "तिथं पानीच नाय." उठताना म्हणाले, "विचारून ठेवायचं होतं तुमी."
परतताना एसटीत तेच डोक्यात. विचारलं नाही हे खरं. मी मागे उभी राहून चहा झालाय एवढंच म्हणायची.

१४ नोव्हें.
जिथून आत येतं तिथून पहिला. फोटोत आत येतं ते ऊन. उजवीकडून.
पण उजवीकडे कोपरे दोन. वरच्या कोपऱ्यातून मोजलं: एक पांढरा ठिपका, सावली लांब. हातातलं पेन खाली ठेवलं. मग खालच्या कोपऱ्यातून मोजलं, नुसतं खात्रीसाठी. तिथेही ठिपका. सावली लांब. पहिल्यापेक्षा जरा आखूड, की माझे डोळे.
खालचं बघायलाच नको होतं.

१७ नोव्हें.
दोन्ही पाठवले. सर म्हणतात, दोन्ही बघण्यासारखे. दगडही असतील. वेगळ्या उन्हातला फोटो मिळेपर्यंत कुणी सांगू शकत नाही, तोवर नोंद करा. नोंदीच्या तक्त्यात रकाना आहे: प्रथम कुणी पाहिले.
मी विचारलं, कुणाचं लिहू?
"दोन्हींपुढे त्यांचंच लिहा ना, ताई. कोण हरकत घेणार?"
मीच घेणार. ह्यांनी एकच पाहिलं होतं. "सापडलं" लिहिलंय. दोन जागा दिल्या तर ह्यांना नक्की माहीत नव्हतं, असं होतं. आणि माहीत होतं. मला नाही.

१९ नोव्हें.
वरच्या जागेपुढे ह्यांचं नाव लिहिलं, खालच्यापुढे माझं. ती मीच पाहिली म्हणायची.
दु. नावं उलट केली. खाडी नेहमी खालच्या अंगाला असते, उघाडीही तिथेच असणार.
पण दार डोक्यात आलं. आमच्या अष्टमी गावातल्या घराचं दार कुठल्या अंगाला धरलं असतं ह्यांनी? बाहेर जाऊन उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "काय गो, कुनाची वाट बघतेस?" नाय, म्हटलं.
चुकीच्या जागेपुढे माझं नाव पडलं तर काही नाही, तो दगड माझा. पण खऱ्या जागेपुढे माझं पडलं तर?
तक्ता पाठवलेला नाही. दोन्ही नावं खोडून ठेवली आहेत.